प्रश्नाची जागा

त्या साली उन्हाळा पाहुण्यासारखा लवकर आला आणि घरजावई होऊन बसला. बागवाल्याच्या लिंबांची पानं दुपारी वळायची ती संध्याकाळीही उलगडायची नाहीत. विहिरीच्या तळाशी बेडकाची अंघोळ होईल एवढंच पाणी उरलं, तेव्हा बागवाल्यानं विहीर खोदणाऱ्यांच्या घरी निरोप धाडला.

विहिरी खोदणं हा त्या घराचा पिढीजात धंदा. घरात माणसं चार. थोरला मुलगा तळात उतरून खोदायचा. धाकटा रहाटावर उभा राहून दगडमातीनं भरलेल्या पाट्या वर ओढायचा. थोरल्याची बायको त्या पाट्या रिकाम्या करायची. आणि म्हातारा बाप काठावर पोतं टाकून बसायचा आणि खालच्या मुलाला प्रश्न विचारायचा. समुद्रातला सगळ्यात मोठा प्राणी कोणता? माणसाच्या अंगात हाडं किती? चंद्रावर पहिलं पाऊल कोणी ठेवलं? खालून उत्तर यायचं, चार घाव पडायचे, की पुढचा प्रश्न.

नवखा माणूस हे बघून हसायचा. त्याला वाटायचं, म्हाताऱ्याला काम होत नाही म्हणून बसल्या बसल्या करमणूक चालली आहे. करमणूक कसली! विहीर खोल गेली की तळात वाईट हवा साठते. ती दिसत नाही, पुष्कळदा तिला वासही नसतो. सकाळी दोराला दिवा बांधून खाली सोडायचा आणि तो विझला नाही तरच माणसानं उतरायचं, हे सगळेच करतात. पण दिवसभर घणाचे घाव पडत असताना दिवा तळात टिकत नाही, एक कपची उडाली की काच फुटते. मग खाली राहतो तो माणूस, आणि त्याचं डोकं हाच दिवा. तो दिवा जळतोय का हे वरून कळायचं कसं? नुसतं ‘बरं आहे ना?’ विचारलं तर झोपेतला माणूसही ‘हं’ म्हणतो. म्हणून या घरात सामान्यज्ञान विचारत. उत्तर अडखळलं की माणूस वर. त्यावर वाद नाही.

काठावरच्या त्या पोत्याला घरात ‘प्रश्नाची जागा’ म्हणत.

गेल्या हंगामात म्हाताऱ्याच्या कानांनी दगा दिला. एकदा थोरला खालून प्यायला पाणी मागत होता आणि म्हातारा वरून मान हलवून म्हणाला, “बरोबर.” सगळे हसले. सून मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती पाट्यांकडे गेलीच नाही. म्हाताऱ्यासमोर उभी राहिली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाली, “मामंजी, आता मी बसते.”

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं, मग पोत्याकडे. उठायला त्याला वेळ लागला. उठल्यावर त्यानं पोतं झटकलं, पुन्हा अंथरलं आणि तिला बसवून तीन गोष्टी सांगितल्या.

“उत्तर लगेच आलं पाहिजे. वरच्या कोणीही उत्तर सांगायचं नाही, अगदी ओठावर आलं तरी गिळायचं. आणि अधूनमधून त्याला न येणारा प्रश्न टाकायचा.”

“न येणारा कशाला?”

“ऐकायला. तो ‘माहीत नाही’ म्हणतो का ते.”

“आणि तसं म्हणाला नाही तर?”

“तर वर ओढ,” म्हातारा म्हणाला आणि पाट्यांकडे गेला.

सुनेचं शिक्षण बेताचंच. म्हाताऱ्याचे प्रश्न तर उगाळून उगाळून गुळगुळीत झालेले. ती ‘चंद्रावर’ एवढंच म्हणायची, की खालून नवऱ्याचा आवाज यायचा, “आर्मस्ट्राँग.” याला डोकं लागत नाही, नुसती जीभ पुरते. तेव्हा तिनं नवे प्रश्न गोळा करायला घेतले. कॅलेंडरच्या मागची पानं वाचून काढली. कंपाउंडरला गाठलं, शिंपिणीला गाठलं, शाळेतून सुटलेल्या पोरांना वाटेत उभं केलं. न्हाव्याच्या दुकानात दिवसभर रेडिओ चालायचा, तर ती समोरच्या पायरीवर नवऱ्याची वाट बघण्याचं निमित्त करून बसायची. लिहून काही ठेवायची नाही. ऐकलेलं भांडी घासताना घोकायची. बायका तिला प्रश्नकरीण म्हणायला लागल्या. म्हणेनात! सूर्याचा उजेड इथवर यायला आठ मिनिटं लागतात, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, मुक्या सिनेमातला तो काठीवाला विनोदी नट म्हणजे चॅप्लिन, असलं काहीबाही तिच्या डोक्यात साठत गेलं. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायलाही लागलं होतं. फुलपाखरू पायांनी चव घेतं हे कळलं, त्या दिवशी ती स्वतःच्या पायांकडे बघत घरी आली.

बागवाल्याच्या विहिरीवर सगळं नीट सुरू झालं. वरचा गाळ निघाला, मग मुरूम, मग कातळ लागला. थोरल्याच्या काखेखालून बांधलेला दोर कप्पीवरून येऊन काठावरच्या जुन्या झाडाच्या बुंध्याला बांधलेला असायचा. पाटीचा दोर वेगळा, रहाटावर. सून पोत्यावर बसून प्रश्न विचारायची, आणि दर उत्तरामागून घणाचा आवाज यायचा.

नीट नव्हतं ते एकच. बागवाला.

माणूस वाईट नव्हता. आल्याबरोबर पाणी द्यायचा, दुपारी चहा पाठवायचा. पण त्याला सामान्यज्ञानाचं वेड होतं. तरुणपणी कुठल्याशा स्पर्धेत त्याला एक कप मिळाला होता आणि तो अजून दाराशेजारी मांडलेला होता. विहिरीवर प्रश्नोत्तरं चालतात हे कळल्यावर त्यानं खुर्चीच आणली. झाडाखाली नाही, थेट काठाला. त्याच्या दृष्टीनं विहीर खोल होत होती ती होतच होती, वर फुकटचा खेळ मिळाला होता.

तिसऱ्या प्रहरी तिनं विचारलं, “अहो, जिराफाच्या मानेत मणके किती?”

खाली घण थांबला. “वीस,” थोरला म्हणाला.

बागवाला खुर्चीत मागे रेलून हसला. “वीस! अरे सात, सात! तुझ्यामाझ्या मानेत तेवढेच जिराफाच्या मानेत.”

“मालक,” सून म्हणाली, “उत्तर वरून सांगायचं नसतं.”

“अगं सूनबाई, चुकलं तर दुरुस्त नको करायला? ज्ञान आहे ते. दिल्यानं वाढतं.”

आता या माणसाला काय सांगावं? खालच्याला उत्तर आलं काय नि चुकलं काय, तिला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. तिला फक्त ऐकायचं होतं, की आवाज स्वच्छ आहे, तो विचार करतोय, अंदाज बांधतोय. पण हे मालकाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर बागवाल्यानं जिराफाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी न्हावी थोरल्याची दाढी करता करता म्हणाला, “मान जरा वर करा, वीस मणके आहेत म्हणे.” दुकानातले सगळे हसले. थोरला अर्धी दाढी झालेली असताना उठू शकत नव्हता, म्हणून बसला.

तेव्हापासून खालून येणारी उत्तरं बदलली. आधी कसं, येत नसलं की तो सरळ म्हणायचा, “माहीत नाही, पुढचा सांग.” आता बागवाल्याची खुर्ची काठावर सरकल्याचा आवाज खाली पोचला की त्याच्या तोंडून ‘माहीत नाही’ हे दोन शब्द निघेनासे झाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. कधी बरोबर यायचं, कधी बागवाला हळूच पुटपुटायचा तेच वर यायचं. विहीर म्हणजे तोंडाशी ठेवलेला कर्णाच. काठावरचं कुजबुजणंही तळाला ऐकू जातं.

एका सकाळी तिनं मुद्दाम विचारलं, “टायटॅनिक बुडालं तेव्हा त्या बोटीवर कुत्री किती होती?” हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

“सतरा,” खालून ताबडतोब उत्तर आलं.

ती उठून उभी राहिली. “भाऊजी, ओढा.”

दीर रहाट सोडून दोराला भिडला, म्हातारा पाटी टाकून धावला. थोरला धडपडत, भिंतीला कोपरं घासत वर आला. काठावर आला तेव्हा चांगला लाल, घामानं निथळत, ठणठणीत होता.

“काय झालं?” त्यानं विचारलं.

“सतरा कुठून आणलंत?”

तो बागवाल्याकडे न बघता म्हणाला, “मनातून.”

बागवाल्याला हसू आवरेना. पण हसून झाल्यावर त्यानं सावलीकडे बघितलं, विहिरीत डोकावलं आणि त्याचा आवाज बदलला. “हे बघ सूनबाई. कुत्र्यांपायी माझी अर्धी सकाळ गेली. झाडं माझी मरतायत. आठवडा संपेपर्यंत पाणी लागलं नाही तर मी बोअरचं मशीन बोलावणार आहे. आणि पुन्हा असं विनाकारण माणूस वर काढलंत, तर आठवड्याचीही वाट बघणार नाही.”

मशीनची भीती त्या घराला नवी नव्हती. दोन हंगामांत मोजकी कामं आली होती, तीही मशीनचा खर्च न झेपणाऱ्यांची. बागवाल्याला तो झेपत होता. त्यानं आधी यांना बोलावलं होतं, हीच मोठी गोष्ट होती. इथून हाकललं गेलं तर पंचक्रोशीत कोण दारात उभं करणार होतं?

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. थोरल्याच्या दोन्ही कोपरांना सालटं निघाली होती. सुनेनं तेल लावायला वाटी पुढे केली, ती त्यानं बाजूला सारली.

“मला गावात जिराफ म्हणतात,” तो म्हणाला. “उद्यापासून कुत्रा म्हणतील.”

धाकट्याला हसू फुटलं, त्यानं ते घासाबरोबर गिळलं.

“तुम्ही ‘माहीत नाही’ म्हणाला असतात तर मी ओढलं नसतं,” सून म्हणाली.

“त्याच्यासमोर? तो वर खुर्चीत बसणार, मी खाली चिखलात. आणि वरून म्हणायचं, मला माहीत नाही, हे माहीत नाही, ते माहीत नाही! दिवसभर तेच म्हणू?”

“हो. दिवसभर तेच म्हणा.”

“मला येतील तेच प्रश्न विचारत जा.”

“मग मी तिथे बसू कशाला? पोपट पाळू की एखादा.”

म्हातारा आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडे बघत होता. “काय म्हणतोय तो?” त्यानं विचारलं. धाकट्यानं त्याच्या कानात ओरडून सांगितलं. म्हाताऱ्यानं हातातला घास ताटात ठेवला.

“माझा पाठचा भाऊ होता,” तो म्हणाला. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून तो फार मोठ्यानं बोलायचा, पण हे हळू बोलला. “हुशार असा नव्हता. काही विचारलं की लाजायचा. तेव्हा मी काठावर, तो खाली. त्या दिवशी मी विचारीन ते सांगायला लागला. धडाधड. थांबायचं नाव नाही. निम्मं तर मलाच माहीत नव्हतं, मी म्हटलं बरोबर असेल. वर बसून मी खूश. म्हटलं, पोरगं शहाणं झालं. अंगावर वायू चढला की माणसाला सगळं यायला लागतं रे. सगळं. मग पुढच्या प्रश्नाला काही आलंच नाही.”

म्हाताऱ्यानं घास पुन्हा उचलला. “म्हणून तो तिसरा नियम. ‘माहीत नाही’ म्हणायला डोकं ठिकाणावर लागतं.”

थोरल्यानं वाटी ओढून घेतली आणि कोपराला तेल लावलं.

सकाळी दिवा सोडला, तो जळत वर आला. सुनेनं नवऱ्याच्या काखेखालून दोर घेतला, गाठ मारली, ओढून बघितली. हे तिचं काम नव्हे, धाकट्याचं. पण आज तिला ते दुसऱ्या कोणावर सोडवेना.

“एवढंच मागते,” ती म्हणाली. “येत नसेल तर येत नाही म्हणा.”

“गाठ सैल कर जरा. काचतेय.”

“नाही करायची.”

तो उतरला. कातळात आडवी भेग सापडली होती आणि कालपासून ती घामेजल्यासारखी ओली दिसत होती. पहारीनं ती उघडायची, मागे पाणी असलं तर आजच कळणार होतं. बागवाल्यालाही हे ठाऊक होतं. तो चहा न घेताच खुर्चीत येऊन बसला होता.

बराच वेळ पहारीचा कोरडा आवाज येत राहिला. ती विचारत होती, तो सांगत होता. बुध. शंभर अंश. चॅप्लिन. मग कातळाचा एक मोठा तुकडा निसटला आणि काहीतरी बदकन पडल्यासारखा आवाज आला.

“काळा चिखल लागला,” खालून आवाज आला. “कुजका वास आहे. पण ओलं आहे, चांगलं ओलं आहे. पाटी सोडा.”

बागवाला उभाच राहिला. “पाणी?”

“येतंय पाझरत.”

पहिली पाटी वर आली ती काळ्या, चमकणाऱ्या गाळानं भरलेली. बागवाल्यानं त्यात बोटं घातली आणि ती तो बघतच राहिला. सुनेनं पाटीचा वास घेतला आणि नाक मुरडलं.

“अहो, वास अजून येतोय का?”

“कसला वास?”

“आत्ता म्हणालात ना?”

“नाही येत. छान वाटतंय इथे. गार.”

वास गेला हे तिला आवडलं नाही. वर आलेली पाटी कुजका वास मारतेय आणि तळात वास नाही? तिनं विचारलं, “शहामृगाच्या अंगात डोळा मोठा की मेंदू?”

जरा वेळ गेला. बागवाला काठावरून वाकून पुटपुटला, “डोळा.”

“डोळा,” खालून आलं.

“मालक, बोलू नका.”

“बरोबर आलं ना? कशाला अडवतेस त्याला? दोन पाट्यांचं काम आहे.”

“दुसरं महायुद्ध कधी संपलं?”

“पंचेचाळीस,” बागवाला. “पंचेचाळीस,” खालून, आणि त्यामागून हसू. नवरा खाली हसत होता. कामावर असताना तो हसत नसे, श्वास वाया जातो म्हणायचा.

उत्तरं बरोबर होती. रहाट फिरत होता. दीर दात विचकून ओढत होता, त्याला तळाचं पाणी दिसायला लागलं होतं. सून पोत्यावर गुडघे आवळून बसली होती आणि तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं. नवऱ्यानं आपल्या मानापायी तिच्या हातातला दिवाच विझवून टाकला होता. आता चुकीचं उत्तर आलं तरी ती थाप असू शकत होती. पुन्हा विनाकारण ओढलं तर काम गेलं. पाणी लागता लागता गेलं, असं लोक सांगत बसतील. आणि नाही ओढलं तर?

तिनं म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याला काही ऐकू येत नव्हतं, पण तो पाटी तशीच हातात धरून तिच्याकडे बघत उभा होता.

ती पोत्यावरून उठली, काठावर पालथी झोपली आणि डोकं आत घातलं. असा प्रश्न हवा होता, की जो मालकालाही येणार नाही.

“अहो, ऐका. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवलं, त्या माणसाच्या बायकोचं नाव काय?”

मागे बागवाल्यानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्याला येत नव्हतं.

खालून मात्र क्षणाचाही उशीर झाला नाही. नवऱ्यानं अगदी खुशीत, खणखणीत, आपल्या आईचं नाव सांगितलं. ती जाऊन किती पावसाळे झाले होते.

बागवाला खो खो हसत सुटला. “वा! सरळ चंद्रावर नेऊन बसवली!”

“ही दोरी काचतेय,” खालून आवाज आला. “सोडतो. मोकळं वाटेल.”

“ओढा,” सून म्हणाली.

दीर थबकला. “वहिनी, थट्टा करतोय तो. अजून एक पाटी—”

ती पुढे काही बोलली नाही. तिनं दोर धरला, पाय काठाच्या दगडाला लावले आणि मागे झुकली. एकटीनं. दोर ताणला गेला, खाली सुटत असलेली गाठ पुन्हा आवळली गेली असावी, कारण वजन आलं. ते वजन मेलेल्या जनावरासारखं होतं. कालच्यासारखी धडपड नव्हती, कोपरं घासत नव्हती. ते वजन दिराच्या हाताला लागलं आणि त्याचा चेहराच उतरला. मग म्हातारा आला. मग खुर्ची पडल्याचा आवाज झाला आणि तिच्या मागे दोरावर आणखी दोन हात पडले, मऊ, दोराची सवय नसलेले. बागवाला ओढत होता. त्याच्या तळहातांची सालं दोराला चिकटून गेली तरी त्यानं दोर सोडला नाही.

थोरला वर आला तेव्हा मान छातीवर पडलेली होती आणि ओठ काळेनिळे होते. एका हाताची बोटं गाठीत अडकलेली होती.

दीर विहिरीकडे वळला, पहार वर घ्यायला म्हणून. सुनेनं बघितलंही नाही, नुसतं म्हटलं, “भाऊजी, आत पाय टाकलात तर याद राखा.” तो थांबला.

नवऱ्याला झाडाखाली आडवं केलं. तोंडातला चिखल काढला, छाती मोकळी केली, वारा घातला. बागवाला अनवाणी पळत जाऊन डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टर येईपर्यंत एक खरखरीत श्वास आला होता, मग दुसरा. मग तो कुशीवर वळून पोटातलं सगळं ओकला. ते बघून सुनेच्या जिवात जीव आला. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, आणखी थोडा वेळ खाली राहिला असता तर माझं काम नव्हतं, म्हणाला आणि दोन दिवस आराम करायला सांगून गेला.

ऊन कलल्यावर नवऱ्यानं डोळे नीट उघडले. बागवाला शेजारी उकिडवा बसला होता, हातांना फडकी बांधून.

“ओळखलंस का मला?” त्यानं विचारलं.

“मालक.”

“शाबास. पाणी किती अंशावर उकळतं?”

“शंभर.”

“आलं, आलं. ठीक आहे तो,” बागवाल्यानं सगळ्यांना सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

सुनेचं तेवढ्यावर भागणार नव्हतं. ती पुढे झाली. “चंद्रावर पहिलं पाऊल ठेवलं, त्या माणसाच्या बायकोचं नाव काय?”

नवऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या. त्यानं झाडाच्या फांद्यांकडे बघितलं. बागवाल्याकडे बघितलं. मग तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, हा आता काहीतरी सांगणार. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं.

“मला नाही माहीत,” तो म्हणाला.

तिनं पदर तोंडाला लावला आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, रडली.

म्हातारा घाबरून वाकला. “काय म्हणाला? काय म्हणाला तो?”

“माहीत नाही म्हणाला!” तिनं त्याच्या कानात ओरडून सांगितलं.

“मग बरा आहे,” म्हातारा म्हणाला आणि खाली बसला.

मशीनचं नाव त्यानंतर बागवाल्यानं काढलं नाही. थोरला पडून होता तोवर धाकट्यानं आणि म्हाताऱ्यानं पानांनी भरलेल्या फांद्यांचा भारा दोराला बांधून विहिरीत वरखाली केला, तळातली हवा ढवळून काढली. बागवाल्यानं लोहाराकडून हातानं फिरवायचा पंखा आणि लांब नळी मिळवली. दिवा सोडला, जळत वर आला. पुन्हा सोडला, पुन्हा जळत वर आला. तरी थोरला उतरायच्या दिवशी सुनेनं तिसऱ्यांदा सोडायला लावला.

त्या दिवशी बागवाला खुर्ची न घेता आला. पंखा फिरवायला तो स्वतः बसणार होता. सून पोतं झटकत होती, तर तो जवळ येऊन घुटमळला.

“सूनबाई, तो परवाचा प्रश्न. चंद्रवाल्याच्या बायकोचा. घरी पुस्तक होतं, शोधून काढलं मी.” त्याचे ओठ उत्तराच्या आकाराचे झालेच होते.

“सांगू नका,” ती म्हणाली.

“अगं, तुला कळायला नको?”

“मला कळलं तर एखाद्या दिवशी त्यांना कळेल. मग तो प्रश्न वाया गेला. असे चांगले प्रश्न मिळत नाहीत, मालक.”

आयुष्यभर बागवाल्यानं उत्तरं वाटली होती, घ्यायला कोणी नाही म्हटलं नव्हतं. त्यानं एकदा विहिरीकडे बघितलं, ओठावरचं उत्तर गिळलं आणि जाऊन पंख्याचा दांडा धरला.

थोरला दोर बांधून घ्यायला उभा राहिला. गाठ तिनंच मारली, आणि काचतेय असं तो म्हणाला नाही. नळीतून वारा जात होता, रहाट कुरकुरत होता. तो तळाला पोचल्याचा आवाज आला तशी ती पुढे वाकली.

“अहो, बोटीवर कुत्री किती होती?”

पंखा एकसारखा फिरत होता. बागवाल्यानं खालचा ओठ दातांत धरला होता.

“माहीत नाही,” खालून आवाज आला. “पाटी ओढा. जपून, पाणी आहे तिच्यात.”